जोशी दिनदर्शिका: फोटो झकास, मजकूर मात्र वाचून घ्या

पाचपैकी तीन तारे. त्यातला एक निव्वळ मार्चच्या पानासाठी.

माझं माहेरचं आडनाव जोशी. काकांची पंचाहत्तरी होती, शालींनी त्यांचं कपाट आधीच भरलेलं, म्हणून ‘तुमच्या आडनावाची दिनदर्शिका’ ऑनलाइन मागवली. किंमत 450 रुपये, कुरिअर वेगळं. बारा पानं, बारा जोशी, ज्याचा जन्म ज्या महिन्यातला तो त्या पानावर. कागद जाड आणि छपाई स्वच्छ आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

निवडही बरी. जानेवारीत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री, फेब्रुवारीत भीमसेन, जूनमध्ये कामगारांचे ना. म. जोशी, नोव्हेंबरात एसेम. शिवाय एप्रिलला अल्मोड्याचे कम्युनिस्ट पी. सी. जोशी आणि जुलैला गुजराती कवी उमाशंकर जोशी, 1967 च्या ज्ञानपीठाचे एक मानकरी. काकूंनी विचारलं, “हे आपल्यातले का हो?” काका म्हणाले, “आडनावापुरते.” सार्वजनिक काका मात्र कुठेच नाहीत. 1870 मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा उभी करणाऱ्या गणेश वासुदेव जोशींना वगळून ही यादी करायची म्हणजे कमालच!

मार्चला आनंदीबाई. सासर-माहेर दोन्हीकडे जोशीच. 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या, वय जेमतेम एकवीस. हे सगळं चार ओळींत नेटकं दिलंय. फोटो 1885 चा. मूळ फोटोत तिघी आहेत: आनंदीबाई, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि पलीकडे सीरियाच्या सबात इस्लांबुली. यांनी दोघींना कापून टाकलंय, पण उजव्या कडेला ओकामीबाईंच्या किमोनोची बाही तेवढी राहिलीय. आमच्या भाचीने लगेच विचारलं, हा हात कुणाचा? मग तिला मोबाइलवर अख्खा फोटो दाखवला. बारा जणांत बाई ही एकच, तीही अशी कातरून. तरी चेहरा इतका सुरेख छापलाय की पान उलटवत नाही.

खरा घोळ सप्टेंबरात. शेतकरी संघटनेचे शरद जोशी. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आंबेठाणला शेती, चाकणचं कांदा आंदोलन, सगळं बरोबर. आणि शेवटची ओळ: ‘ये जो है जिंदगी या गाजलेल्या मालिकेचे लेखक’! अहो, ते उज्जैनचे हिंदी व्यंगकार शरद जोशी. काकांची सगळी नोकरी पोस्टात गेली. ते म्हणाले, “अगं, हा माणूस आधी आमच्या खात्यात अधिकारी होता. मालिका कधी लिहिली त्यांनी?” इंटरनेटवरून दोन शरद जोशी उचलून एका पानात कोंबलेत, दुसरं काय.

विक्रेत्याला फोन केला. बोलणं गोड. “मॅडम, पुढच्या बॅचमध्ये दुरुस्त करतो.” बदली पान पाठवा म्हटलं, तर स्पायरल उघडता येत नाही म्हणे. पैसे परत नाहीतच.

आणखी एक. तारखांच्या चौकोनात तिथी नाही, चतुर्थी नाही, एकादशी नाही. पिढ्यान्‌पिढ्या पंचांग सांगणाऱ्या घराण्यांची दिनदर्शिका आणि संकष्टी कधी हे कळायला शेजारी जायचं! चौकोन एवढे बारके की दुधाचा खाडासुद्धा मांडता येत नाही. त्यामुळे स्वयंपाकघरात नेहमीचंच कॅलेंडर, हे दिवाणखान्यात.

कुलकर्णी, देशपांडे, पाटील असे पर्यायही आहेत. मागवणार असाल तर छापण्याआधी बाराही पानांची पीडीएफ मागा. मागितली तर देतात, आपणहून दाखवत नाहीत. भेट द्यायची असेल तर महिनाभर आधी मागवा, आम्हाला ती पंचाहत्तरीच्या आदल्या संध्याकाळी मिळाली.