रिक्वेस्ट्सचं सेशन, मधे प्रॉक्सी: काही महिन्यांच्या वापरानंतर

पायथनमध्ये काम करणाऱ्याला रिक्वेस्ट्स या वेबवर विनंत्या पाठवायच्या लायब्ररीची ओळख करून द्यायला नको. मी लिहितोय ते एकाच गोष्टीबद्दल: बाहेर जायचा रस्ता प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या सर्व्हरमधून असेल, तर उघडी राहिलेली कनेक्शनं आपल्या हातात किती राहतात.

पुण्यातल्या ऑफिसातून आमचा एक जॉब दर १० मिनिटांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरला पोस्ट करतो, म्हणजे ऑर्डर पाठवतो. जाऊन-येऊन एका फेरीला २०० मिलिसेकंदांच्या आसपास जातात. नवं कनेक्शन म्हणजे कनेक्टची एक फेरी, टीएलएसची (एन्क्रिप्शन ठरवायची) एक किंवा दोन, आणि मग आपलं खरं काम. तयार कनेक्शन असलं की एकाच फेरीत भागतं. नुसतं रिक्वेस्ट्स.पोस्ट मारलं तर दरवेळी नवं सेशन (उघडी कनेक्शनं सांभाळणारा ऑब्जेक्ट) बनतं आणि काम झालं की बंद होतं. मला ही उधळपट्टी बघवत नाही, म्हणून एकच सेशन जपून वापरायचं ठरवलं.

आणि जॉब लटकायला लागला. एरर नाही, लॉग नाही, प्रोसेस जिवंत. पंधरा-सोळा मिनिटांनी एकदाचा टाइमआउट.

ही पंधरा मिनिटं लिनक्सची. उत्तर न आलेलं पाकीट तो ठरावीक वेळा पुन्हा पाठवतो आणि डीफॉल्ट मर्यादेला साधारण ९२५ सेकंदांनी नाद सोडतो. आमच्या मशीन आणि प्रॉक्सीच्या मधे एक फायरवॉल आहे. पाच मिनिटं शांत राहिलेलं कनेक्शन ती दोन्ही बाजूंना न कळवता विसरून जाते. प्रॉक्सीचं सॉफ्टवेअर स्क्विड आहे आणि तिचा यात काही दोष नाही. शांत पडलेला टनेल, म्हणजे तिच्यातून आरपार जाणारं कनेक्शन, ती १५ मिनिटांनी रीतसर बंद करते, पण तो निरोपही फायरवॉल गिळते. कनेक्शन पुन्हा वापरण्याआधी ते तुटलंय का हे लायब्ररी तपासते, पण निरोपच पोचला नाही तर तिला कळणार कसं?

सगळ्यांना हा त्रास का होत नाही? समोर एन्जिनएक्स हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर असेल तर ते डीफॉल्टला ७५ सेकंदांत स्वतःच कनेक्शन बंद करतं. फायरवॉल विसरायच्या आत निरोप येतो आणि सगळं सुरळीत चालतं. आमच्या समोरचा सर्व्हर कनेक्शन बराच वेळ धरून ठेवणारा निघाला.

टाइमआउट लावा, हा सल्ला बरोबर आहे. रिक्वेस्ट्समध्ये डीफॉल्टला टाइमआउट नाही, तेव्हा तो लावायलाच हवा. पण कनेक्टचा टाइमआउट इथे कामाचा नाही, कारण लायब्ररीच्या लेखी कनेक्शन आधीच जोडलेलं आहे. रीडचा (उत्तराची वाट बघण्याचा) लागतो, आणि मग पोस्ट पोचली की नाही हे कळत नाही. ऑर्डर दोनदा गेली तर निस्तरणार कोण? दुसरा सल्ला 'कनेक्शन: क्लोज' हेडरचा, म्हणजे काम झालं की कनेक्शन बंद करा असं सांगण्याचा. एचटीटीपीएसमध्ये तो टनेलच्या आतून थेट समोरच्या सर्व्हरला जातो, प्रॉक्सीला दिसतही नाही. लटकणं थांबतं, पण वाचवलेल्या फेऱ्याही जातात.

इथवर मी या लायब्ररीला पाचपैकी दोन दिले असते. नंतर टीसीपी कीपअलाइव्हचा, म्हणजे शांत कनेक्शनवर अधूनमधून चाचणीचं पाकीट पाठवायचा रस्ता सापडला आणि मत बदललं. लिनक्समध्ये तो चालू केला तरी पहिली चाचणी ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. ती ६० सेकंदांवर आणायची. त्यासाठी एचटीटीपीअ‍ॅडॅप्टरचा आपला क्लास करून इनिट_पूलमॅनेजर (उघडी कनेक्शनं साठवणारा पूलमॅनेजर बनवणारी मेथड) ओव्हरराइड करायचा, म्हणजे आपल्या पद्धतीनं लिहायचा, आणि त्यात सॉकेट_ऑप्शन्स द्यायचे.

माझी खरी तक्रार इथेच आहे, आणि ती अजून गेलेली नाही. प्रॉक्सी असली की लायब्ररी हा पूलमॅनेजर वापरतच नाही! प्रॉक्सी_मॅनेजर_फॉर नावाची वेगळी मेथड वेगळा मॅनेजर बनवते आणि तुम्ही दिलेले सॉकेटचे पर्याय त्यात जात नाहीत. वॉर्निंगही येत नाही. कोड रिव्ह्यूत सगळं ठीक दिसतं, प्रॉक्सीविना टेस्ट पास होते, आणि प्रॉडक्शनमध्ये जॉब पुन्हा लटकतो. दोन्ही मेथड ओव्हरराइड कराव्या लागतात. मूळचा टीसीपी_नोडिले (छोटी पाकिटं न थांबवता पाठवायचा) पर्यायही यादीत ठेवा, नाहीतर तो गळतो. झालं की नाही हे बघायला लिनक्सच्या एसएस या कनेक्शनं दाखवणाऱ्या कमांडमध्ये टायमर दाखवायचा पर्याय द्या. कनेक्शनच्या ओळीत शेवटी कीपअलाइव्ह आणि उतरते सेकंद दिसले पाहिजेत. आमच्याकडे आधी तिथे काहीच नव्हतं.

तेव्हापासून जॉब लटकलेला नाही. या चाचण्या फक्त प्रॉक्सीपर्यंत जातात, पण तेवढ्यानं फायरवॉल जागी राहते आणि स्क्विडनं बंद केलं तर तो निरोपही पोचतो.

पूलमध्ये पडून असलेलं कनेक्शन ठरावीक वेळानं टाकून द्यायची सोय मात्र इथे नाही. एचटीटीपीएक्स या पायथनच्याच दुसऱ्या लायब्ररीत ती कीपअलाइव्ह_एक्स्पायरी नावानं आहे, डीफॉल्ट ५ सेकंद, आणि टाइमआउटही आपोआप ५ सेकंदांचा मिळतो. फायरवॉल तुमच्या हातात नसेल आणि नव्यानं लिहायला बसला असाल, तर ती लायब्ररी घ्या. आमचं जुनं काम मी रिक्वेस्ट्सवरच ठेवतोय. पाचपैकी साडेतीन.