खिशातल्या मल्टिटूलची कात्री: क्लासिक, क्लाइंबर, मायक्रा की स्पिरिट?

मावसभावाने परवा विचारलं, दादा मला तो चाकू-बिकू नकोय, खिशात मावेल अशी एक बरी कात्री हवी, मल्टिटूलमधली कुठली घेऊ? मल्टिटूल म्हणजे चाकू, कात्री, कधी पक्कड, अशी बरीच हत्यारं मिटून एकात बसवलेली वस्तू. मला त्याचं कौतुकच वाटलं, कारण लोक हे घेताना पाती मोजतात, किती फंक्शनं आहेत ते मोजतात आणि कात्रीकडे कुणी बघतही नाही. माझ्या खिशात गेली कितीतरी वर्षं काही ना काही असतंच आणि खरं सांगायचं तर चाकू निघतो पेरू कापायला नाहीतर आंबा, तोही आठवड्यातून एकदा. कात्री मात्र रोज. दुधाची पिशवी, शर्टाचा लोंबणारा दोरा, कुरिअरची टेप, गोळ्यांची स्ट्रिप, नव्या कपड्याचा तो प्लॅस्टिकचा टॅग जो दातांनी तोडायला गेलं की दात शिवशिवतात.

तर माझ्याकडच्या दोन आणि मित्रमंडळींकडून मागून आणलेल्या बाकीच्या अशा सगळ्या डायनिंग टेबलावर मांडल्या. निमित्त आकाशकंदिलाचं होतं, दरवर्षी घरीच करतो, त्यामुळे कापाकापी भरपूर.

आधी एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं सगळं नुसतं ब्रँडचं कौतुक वाटेल. आपण घरची मोठी कात्री धरतो तेव्हा अंगठा एका कडीत, बोटं दुसऱ्या कडीत, आणि मूठ मिटताना नकळत आपण दोन पाती एकमेकांवर थोडी दाबतोही. कात्री कापते ती या दाबामुळे, दोन धारा एकाच बिंदूला चिकटून तो बिंदू पुढे सरकत जातो. खिशातल्या कात्रीला कड्या नसतातच. अंगठ्याने एक छोटी जीभ खाली दाबायची, बस्स. म्हणजे तो आडवा दाब देणारं कुणी नाही, सगळी भिस्त रिव्हेट, म्हणजे दोन पाती जोडणारी मधली खीळ, किती घट्ट बसलाय त्यावर. रिव्हेट जरा ढिला झाला की पात्यांमध्ये फट पडते आणि कापड कापलं न जाता मध्ये दुमडतं, आमची आई याला कात्री चावते म्हणते, आणि अगदी बरोबर शब्द आहे. त्यामुळे दुकानात बघताना धार बोटाने चाचपू नका, एक पातळ पॉलिथिनची पिशवी घेऊन जा आणि कात्रीच्या टोकाने कापून बघा. टोकाला कापली तर रिव्हेट बरा आहे. दुकानदार बघेल विचित्र नजरेने, बघू दे.

आता क्लासिक एसडी, व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा, मिटल्यावर ५८ मिलिमीटरवाला, किल्ल्यांच्या जुडग्यात असतो तो. वजन जेमतेम २१-२२ ग्रॅम. याची कात्री बघून हसू येतं, नखाएवढी तर आहे. पण दोरा, स्ट्रिप, टॅग, दुधाच्या पिशवीचा कोपरा, यात हिला तोड नाही असं माझं मत आहे आणि यावर मी भांडायलाही तयार आहे. कारण सोपं आहे, ती असते. बाकी भारी टूल बॅगेत, बॅग गाडीत, गाडी खाली पार्किंगमध्ये, आणि दोरा इथे लोंबतोय. पातळ घोटीव कागदाच्या दोन घड्याही, म्हणजे दोन पदर, हिने व्यवस्थित कापल्या. चार घड्या घेतल्यावर मात्र कागद पुढे घसरायला लागला, आणि पुठ्ठा तर हिच्या कामाचाच नाही, तिथे अंगठाच दुखतो. बारीक कामाची आहे, तिच्याकडून बारीकच काम घ्यावं.

त्याच कंपनीचा ९१ मिलिमीटरवाला, माझ्याकडे क्लाइंबर आहे, ८०-८२ ग्रॅमच्या आसपास. यात कात्री लांब आणि मुख्य म्हणजे धरायला अख्खा चाकू मुठीत येतो. फरक इथे आहे. तळहातात टेकायला जागा मिळाली की अंगठ्याचा जोर फुकट जात नाही. झिरमिळ्या करताना मी घोटीव कागदाच्या आठ घड्या घालतो, त्याशिवाय सगळ्या सारख्या येत नाहीत, आणि मग एका कडेपासून बारीक बारीक चिरा द्यायच्या, प्रत्येक चीर समोरच्या कडेपासून दोन बोटांवर थांबवायची. क्लाइंबरने आठ घड्या कापल्या, मुळाशी, म्हणजे रिव्हेटजवळ कागद सरकवून. टोकाने कापायला गेलो तर खालच्या दोन घड्या तशाच राहिल्या. हे सगळ्याच कात्र्यांचं आहे, मुळाशी जोर जास्त, टोकाला कमी, पण मल्टिटूलमध्ये लांबीच इतकी कमी की हे चटकन जाणवतं. साधारण पन्नासेक चिरा झाल्यावर अंगठ्याच्या पेराला त्या जिभेचा वळ उठला. उरलेल्या झिरमिळ्या घरच्या शिवणाच्या कात्रीने केल्या, खोटं कशाला बोलू.

क्लाइंबरच घ्या असं नाही, त्याच मापात कॉम्पॅक्ट आहे, हंट्समन आहे, सुपर टिंकर आहे, कात्री सगळ्यांत तीच. बाकी काय हवं ते बघून ठरवा, करवत हवी तर हंट्समन. फक्त नुसता टिंकर उचलून आणू नका, त्यात कात्री नसते, नावात एवढासाच फरक आहे आणि लोक फसतात.

या दोन्ही मापांत कात्री उघडी ठेवणारी स्प्रिंग म्हणजे एक छोटी पत्र्याची पट्टी असते, आणि कधीतरी ती मोडतेच. मोडली म्हणून चाकू टाकायचा नाही, सुटी स्प्रिंग मिळते, जुनी ओढून काढायची आणि नवी खाचेत सरकवायची, पाच मिनिटांचं काम. करताना खाली ताट घ्या मात्र. माझी एक नवी कोरी स्प्रिंग टुणकन उडून सोफ्याखाली गेली ती अजून सापडलेली नाही.

मायक्रा हा प्रकारच वेगळा. लेदरमन या अमेरिकन कंपनीचं, मिटल्यावर साडेसहा सेंटिमीटर, ५१ ग्रॅम. बाकीच्यांमध्ये कात्री ही चाकूबरोबर आलेली पाहुणी, इथे कात्रीच घरची मालकीण. दोन्ही मुठी उघडून उलट्या फिरवल्या की मधून कात्री निघते आणि त्या मुठीच कात्रीचे दांडे होतात. जीभ दाबायची भानगड नाही, दोन्ही बाजूंना धरायला धातू, अख्खी मूठ मिटते. सुती गॉजची पट्टी चार पदरी घेतली, एका दमात कापली. आठ घड्यांचा कागद पण कापला आणि वळ उठला नाही, कारण जोर एकट्या अंगठ्यावर नव्हता. नायलॉनची बारीक दोरी थोडी चघळली पण कापली. खरी कात्री म्हणावी अशी या मापात मला ही एकच वाटते.

मग दोष काय? काढायला वेळ लागतो. दोन्ही हात लागतात. एका हातात दुधाची गार ओली पिशवी, दुसऱ्या हाताने मायक्रा उघडतोय, हे चित्र डोळ्यासमोर आणा. शिवाय आतला चाकू, कानस वगैरे काढायचं तर आधी सगळं उघडायचंच. ज्याला दिवसातून दोनदा पण निवांत बसून कापायचंय, शिवणवाले, पार्सलवाले, घरात पेशंट असेल आणि रोज ड्रेसिंग बदलायचं असेल, त्यांनी डोळे झाकून मायक्रा. ज्याला दिवसातून वीस वेळा दोन सेकंद कापायचंय त्याने नाही.

स्पिरिट मित्राची होती, म्हणजे परत द्यावी लागली, याचं थोडं वाईट वाटलं. व्हिक्टोरिनॉक्सचंच, पण पक्कडवालं, १०५ मिलिमीटर, दोनशे ग्रॅमच्या वर. कात्री बाहेरच्या बाजूला, म्हणजे पक्कड न उघडता थेट निघते आणि उघडली की लॉक होते. हा लॉक मला आधी उगाच वाटला होता, पण जाड कापताना कात्री मुळातून मागे कलंडत नाही, सगळा जोर कापण्यात जातो. जुना डेनिमचा तुकडा एका घडीत कापला. कोरुगेटेड खोक्याची कड पण खाल्ली, हळूहळू, पण खाल्ली. पक्कड हवीच आहे आणि कात्रीही चांगली हवी असं असेल तर मी हेच सांगेन. पण दोनशे ग्रॅम खिशात घेऊन बघा एक दिवस, पॅन्ट एका बाजूने खाली येते, पट्ट्याला पाऊच लावावा लागतो, आणि पट्ट्याला पाऊच लावला की घरचे लोक इलेक्ट्रिशियन आला म्हणतात.

ऑफिसातल्या एकाकडे लेदरमनचं वेव्ह आहे. टूल म्हणून जबरदस्त, पण कात्री आतल्या बाजूला, पक्कड उघडल्यावर हाती लागते आणि मापाने लहान. त्याने स्वतःच सांगितलं, मी कात्रीसाठी घेतलंच नव्हतं. विषय संपला. त्याच कंपनीच्या विंगमनमध्ये कात्री बाहेरून निघते, लेदरमनच हवं आणि पक्कडही हवी असेल तर तो बघा. लेदरमनचीच रॅप्टर ही तर अँब्युलन्सवाल्यांची घडीची कात्री, अंगावरचे कपडे कापायची, बोटातली अंगठी कापायची सोय असलेली, दीडशे ग्रॅमच्या वर, ती या चर्चेत ओढायला नको.

एक जुनी गंमत मात्र सांगायलाच हवी. काकांकडे व्हेंगरचा ८५ मिलिमीटरवाला चाकू आहे. ही स्विस आर्मी चाकू करणारी दुसरी कंपनी, स्वित्झर्लंडमधल्या देलेमों गावची, २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने घेतली. त्या कात्रीच्या धारेला बारीक दाते आहेत. आखूड कात्रीत काय होतं, पाती उघडली की कोन मोठा होतो आणि चोपडी वस्तू कापली जायच्याऐवजी पुढे निसटते, पॉलिथिन, नखं, गुळगुळीत दोरी. दाते तिला धरून ठेवतात. नखांना तर ही कात्री सगळ्यांत सरस निघाली. कागदाची कड मात्र किंचित खरखरीत येते, आकाशकंदिलाला चालत नाही. शिवाय वेगळी मोडणारी स्प्रिंगच नाही यात. जुन्या बाजारात दिसला तर सोडू नका.

नखांवरून आठवलं, आमच्याकडे कडक नियम आहे, नखं कापलेली कात्री दुधाच्या पिशवीला लावायची नाही. म्हणून किल्ल्यांना क्लासिक आणि बॅगेत क्लाइंबर, अशा दोन आहेत. हा बायकोचा निर्णय, माझा नाही, पण बरोबर आहे.

डावखुऱ्यांनी जरा थांबा. या सगळ्या उजव्या हाताच्या हिशोबाने केलेल्या आहेत. बहीण डावखुरी आहे, तिच्या हातात क्लाइंबरची जीभ उलट्या बाजूला येते आणि कापायची रेघ पात्याआड लपते. तिला मायक्रा बरी पडली, दोन्ही दांडे सारखे असल्यामुळे, रेघ तरीही नीट दिसत नाहीच.

आणि ते तीन-चारशे रुपयांत बारा-पंधरा हत्यारं मिळतात ते? घेतलंय मीही एकदा, नाव आठवत नाही आणि आठवलं तरी सांगणार नाही. पहिले दोन दिवस छान चाललं, मग रिव्हेट खेळायला लागला आणि साधी बिस्किटाच्या पुड्याची पट्टीही आत दुमडायला लागली. धार तशीच होती, फट पडली होती. धार लावणाऱ्याकडे नेलं तर तो म्हणाला साहेब हिला धार नको, हिला नवा जन्म हवा.

चांगली घेतली तरी टेपचा गोंद पात्यांना बसतो आणि मग कात्री अडखळते, लोकांना वाटतं बोथट झाली. सॅनिटायझरचा थेंब कापसावर घेऊन पुसा, रिव्हेटवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, झालं. पात्यांच्या आतल्या सपाट बाजू घासत बसू नका, त्या घासल्या की परत फट. तारही कापू नका, धारेला खाच पडते आणि मग बरोबर त्या खाचेशी प्रत्येक दोरा अडकतो.

विमानाने जाणार असाल तर यातलं काहीही हातातल्या बॅगेत ठेवू नका, सगळ्यांत पातं आहे, अगदी क्लासिकमध्येही. चेक-इनच्या बॅगेत टाका.

भावाने शेवटी मायक्रा घेतली. आठ दिवसांत मावशीने ती उचलून शिवणाच्या डब्यात ठेवली, मागितली की म्हणते तुला कशाला लागते. आता तो क्लासिक बघतोय.