फॅमिलीसर्च : वंशवृक्ष जपून, दप्तर बिनधास्त

पूर्वजांचा माग काढून देणाऱ्या बड्या संकेतस्थळांत फॅमिलीसर्च फुकट आहे. पहिले काही दिवस फुकट आणि मग कार्डाचा नंबर द्या, असला प्रकार इथं नाही. अकाउंट उघडायचं, लॉगिन करायचं, झालं. अँसेस्ट्री, मायहेरिटेज किंवा फाइंडमायपास्टची वर्गणी भरण्याआधी इथलं सगळं उपसून घ्यावं, हा सल्ला निःशंकपणे देता येतो. मात्र इथं एकाच दारामागे दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत: जुन्या नोंदवह्यांच्या छायाचित्रांचं अवाढव्य दप्तर, आणि सगळ्या वापरकर्त्यांनी मिळून वाढवलेला एकच सामायिक वंशवृक्ष. दप्तराला पाचपैकी पाच, वृक्षाला फार तर अडीच. नवखा माणूस नेमका वृक्षातच आधी शिरतो, कारण अकाउंट उघडल्या उघडल्या आई-वडिलांची, आजी-आजोबांची नावं विचारली जातात.

दप्तराचा इतिहास थोडक्यात: ख्रिस्ती धर्मातला मॉर्मन पंथ यामागे आहे. मृत पूर्वजांसाठी काही विधी करता येतात अशी त्यांची श्रद्धा, म्हणून वंशावळींचा एवढा ध्यास. 1894 साली अमेरिकेतल्या युटामध्ये त्यांनी वंशावळ संस्था काढली, 1938 पासून देशोदेशींच्या नोंदवह्यांची मायक्रोफिल्म (पानांच्या बारीक छायाचित्रांची फिल्म) घ्यायला सुरुवात केली, आणि जमलेल्या सुमारे 24 लाख रिळांचं डिजिटायझेशन 2021 मध्ये संपवलं. 2017 पर्यंत हवं ते रीळ पैसे भरून जवळच्या केंद्रावर मागवावं लागे. आता तेच घरबसल्या उघडतं, निदान त्यातलं पुष्कळसं.

सगळे जिथं अडखळतात तो भाग म्हणजे शोध. शोधाच्या यादीत ‘रेकॉर्ड्स’ पहिलं असतं आणि लोक तिथंच नाव टाकून, काही मिळालं नाही की उठतात. ‘रेकॉर्ड्स’मध्ये फक्त इंडेक्स झालेल्या नोंदी सापडतात, म्हणजे कुणीतरी हाताने किंवा यंत्राने उतरवून घेतलेली नावं. ज्या वह्यांची नुसती चित्रं चढवली आहेत, त्या इथं दिसतच नाहीत. तेव्हा ‘सापडलं नाही’ याचा अर्थ ‘नोंद नाही’ असा कधीच घेऊ नये.

इंडेक्समध्येही शोधायची रीत आहे. सगळे रकाने भरले की निकाल चांगले येतील असं वाटतं, होतं उलटं. आडनाव, अंदाजे साल (पाच वर्षं मागे-पुढे) आणि ठिकाण एवढ्यावर सुरू करावं, मग एकेक गोष्ट वाढवावी. स्पेलिंगचा भरवसा नसेल तर अनेक अक्षरांच्या जागी तारा, एका अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. ‘तंतोतंत जुळणारे’ ही खूण सुरुवातीला फक्त ठिकाणावर लावावी, नावावर नको. सगळ्यात उपयोगी युक्ती मात्र वेगळीच: मुलाचं नाव आणि आडनाव दोन्ही रकाने कोरे ठेवायचे, वडिलांचं पूर्ण नाव आणि आईचं माहेरचं आडनाव तेवढं भरायचं. मग त्या जोडप्याच्या मुलांचे बाप्तिस्मे एकाखाली एक येतात. भावंडं सापडली की जन्मांमधलं अंतर दिसतं. मध्येच चार-पाच वर्षांची पोकळी दिसली तर त्या काळात कुटुंब दुसऱ्या गावी गेलं असावं, नाहीतर एखादं मूल इंडेक्समधून निसटलं असावं. एकच नाव दोनदा दिसलं तर गोंधळू नका. पहिलं मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव ठेवत. मधल्या वर्षांत दफनाची नोंद शोधा, बहुधा असते.

देशागणिक नावांच्या तऱ्हा बदलतात आणि शोधयंत्र त्याबाबत फारसं शहाणं नाही. स्कँडिनेव्हियात आडनाव पिढीगणिक पालटत असे: अँडर्स ओल्सनचा मुलगा ओल्सन नव्हे, अँडरसन. स्पॅनिश मुलखात बाई लग्नानंतरही माहेरच्या आडनावानेच नोंदली जाते, तेव्हा तिथं नवऱ्याच्या आडनावाने शोधणं वाया. कॅथलिक वह्यांत नावं लॅटिनमध्ये फिरवलेली असतात. जेम्सचा याकोबुस होतो, विल्यमचा गुलिएल्मुस, चार्ल्सचा कारोलुस.

इंडेक्समधल्या ठिकाणांबद्दल एक सावधगिरी हवी. मूळ नोंदीत नुसतं गावाचं नाव असतं. संगणक त्याला जिल्हा आणि देश आपणहून जोडतो आणि त्याच नावाच्या भलत्याच गावावर नेऊन ठेवतो. निकालात ठिकाण विचित्र दिसलं म्हणून नोंद सोडू नका, चित्र उघडून वहीचं शीर्षक वाचा.

आता दप्तराचं खरं दार: ‘कॅटलॉग’. इथं माणसाचं नाव टाकायचं नसतं, गावाचं टाकायचं. गाव, मग तालुक्यासारखा घटक, मग प्रांत, अशा तिन्ही पातळ्यांवर वेगवेगळं शोधावं, कारण चर्चच्या वह्या गावाखाली असतात, तर जमीन आणि मृत्युपत्रं वरच्या पातळीखाली. प्रत्येक रिळापुढे चिन्ह असतं. भिंग म्हणजे इंडेक्स झालंय, कॅमेरा म्हणजे चित्रं उघडतात, आणि कॅमेऱ्यावर किल्ली म्हणजे घरून दिसणार नाहीत. किल्ली दिसली की लोक वैतागतात, पण ती आडकाठी बहुतेकदा मूळ दप्तर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी करारात घातलेली असते. अशी रिळं फॅमिलीसर्चच्या केंद्रांत किंवा त्यांच्याशी संलग्न ग्रंथालयांत जाऊन पाहता येतात. अशा ठिकाणांची यादी संकेतस्थळावरच नकाशासह आहे.

इंडेक्स नसलेलं रीळ उघडलं की सातशे-आठशे चित्रं समोर येतात आणि धीर सुटतो. पहिल्या पानापासून चाळायचं नसतं. आधी लहान चित्रांच्या जाळीत जाऊन मधल्या पाट्या शोधा. एका रिळात अनेक वह्या असतात आणि प्रत्येकीच्या आधी ‘आयटम’ क्रमांकाची पाटी असते. बाप्तिस्मे, विवाह, दफनं वेगळी असतील किंवा सरमिसळही. मग वहीच्या मधलं चित्र उघडा, साल वाचा, हवं ते आधी असेल तर अर्ध्याच्या अर्ध्यावर जा. सात-आठ उड्यांत सालापाशी पोहोचता. वहीच्या शेवटी पाद्र्याने केलेली नावांची यादी आहे का, हे आधीच बघून घ्या. पुष्कळदा असते, आणि तिच्यातला आकडा कधी पान क्रमांक असतो तर कधी नोंदीचा.

नोंद हाती लागल्यावर ती शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची. कॅथलिक बाप्तिस्म्याची साधी नोंद अशी चालते: तारीख, ‘बाप्टिझाटुस एस्ट’ म्हणजे बाप्तिस्मा झाला, मुलाचं नाव, ‘फिलियुस लेगितिमुस’ म्हणजे औरस पुत्र, बापाचं नाव, ‘एत’ म्हणजे आणि, आईचं नाव, आणि शेवटी ‘पात्रिनी’ म्हणून दोन नावं. ‘एओदेम दिए’ असेल तर तारीख वरच्या नोंदीची, ‘नातुस हेरी’ असेल तर जन्म आदल्या दिवशीचा. इंडेक्स करणारा बहुतेकदा पात्रिनी सोडून देतो. पण हे धर्ममातापिता सहसा नात्यातले, बहुधा मामा, काका, आत्या. आईचं माहेर नोंदीत नसेल तर तीन-चार मुलांचे पात्रिनी एकत्र मांडले की माहेरचं आडनाव डोकावू लागतं.

तारखांचा घोळ निराळा. इंग्लंडमध्ये 1752 पूर्वी नवं वर्ष 25 मार्चला सुरू होई. म्हणून 10 फेब्रुवारी 1731 अशी नोंद आपल्या हिशोबाने 1732 ची. इंडेक्समध्ये हे कधी दुरुस्त केलेलं असतं, कधी नाही, आणि मग लग्नाआधीच मूल जन्मल्यासारखं दिसतं. इंग्लंडच्याच 1841 च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांचं वय खालच्या पाचाच्या पटीत लिहायचा नियम होता. एकोणचाळिशीचा माणूस पस्तीसचा दिसतो. काही गणकांनी नियम पाळला नाही, तो भाग वेगळा. त्या वयावरून जन्मसाल काढून शोध घट्ट केला तर खरी नोंद हातची जाते. नातं काय हेही त्या वर्षी विचारलेलं नाही, ते 1851 पासून. एका घरात राहणारे सगळे आई-बाप-लेकरंच, असं धरून चालू नका.

2024 मध्ये आलेला ‘फुल टेक्स्ट’ शोध ही मात्र खरोखरची झेप आहे. यंत्र हस्ताक्षर वाचतं आणि दस्तातला प्रत्येक शब्द शोधता येतो. सुरुवात अमेरिकेच्या जमीन आणि मृत्युपत्रांच्या दस्तांनी आणि मेक्सिकोच्या नोटरी कागदांनी झाली, पुढे भर पडत गेली. जुन्या इंडेक्समध्ये देणारा आणि घेणारा एवढीच नावं असत. इथं साक्षीदार, शेजारची हद्द असलेला, वाटणीत हिस्सा मिळालेली जावई मंडळी सगळी सापडतात. ‘अमुकची मुलगी, आता तमुकची बायको’ असं वाक्य मृत्युपत्रात असलं की एका झटक्यात पिढी जुळते. शब्दाआधी अधिकचं चिन्ह दिलं की तो असलाच पाहिजे, पूर्ण नाव अवतरणात दिलं की तसंच्या तसं. अडचण एकच: यंत्राने चुकीचं वाचलेलं नाव त्या चुकीच्या रूपातच सापडतं. म्हणून आडनावाबरोबर गावाचं किंवा ओढ्याचं नाव घालून बघा. आडनाव हुकलं तरी दस्त पकडता येतो.

जगाच्या सगळ्या भागांना सारखं माप नाही. युरोप, उत्तर आणि लॅटिन अमेरिका भरगच्च, आशिया आणि आफ्रिका विरळ. भारताच्या खात्यात मुख्यतः ब्रिटिशकालीन चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह, दफनाच्या नोंदींचा इंडेक्स आहे. शिवाय हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्रांतल्या पंड्यांच्या वह्यांची चित्रं आहेत, पण ती पानोपान चाळण्याची चिकाटी हवी.

वृक्षाकडे येऊ. इथं प्रत्येक मृत माणसाचं एकच पान असावं अशी कल्पना आहे, आणि ते पान कुणीही बदलू शकतो. कल्पना चांगली, पण एकाच नावाचे दोन चुलतभाऊ एकाच परगण्यात असले की कुणीतरी उत्साहाने ‘मर्ज’ (दोन पानं एक करण्याचं बटण) दाबतो आणि एकाच माणसाला दोन बायका, सोळा मुलं आणि दोन मरणं मिळतात. आठव्या वर्षी आई झालेली बाई किंवा आईच्या मृत्यूनंतर जन्मलेलं मूल दिसलं की समजावं, मर्ज चुकलाय. पान तपासल्याविना तो मर्ज मोडू नये. आधी बदलांची पूर्ण यादी उघडावी. मर्जनंतर कुणी हात लावला नसेल तर सरळ उलटवता येतो, लावला असेल तर पुसला गेलेला माणूस त्याच यादीतून परत उभा करावा लागतो. नंतरची दुरुस्ती हाताने. बदलाचं कारण विचारणारा रकाना कोरा सोडू नका. तिथं चित्राचा संदर्भ असला की पुढचा उपटसुंभ निदान थबकतो. महत्त्वाच्या पूर्वजांना ‘फॉलो’ करून ठेवलं की बदल झाल्याचं दर आठवड्याला ईमेलवर कळतं.

हयात माणसांची पानं सहसा फक्त भरणाऱ्यालाच दिसतात. मृत्यूची माहिती नसेल तर जन्म 110 वर्षांहून जुना असेपर्यंत माणूस हयातच धरला जातो. घरचा जेडकॉम (वंशवृक्ष एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्याची फाइल) सरसकट चढवून वृक्षात मिसळण्याच्या फंदात पडू नका, दुबार पानांचा खच पडतो. उलट दिशेने, वृक्षातून जेडकॉम थेट उतरवायची सोय नाही. रूट्समॅजिकसारखा बाहेरचा प्रोग्रॅम लागतो. तेव्हा आपला मूळ वृक्ष आपल्या संगणकावरच ठेवावा आणि इथला वृक्ष इतरांचे सुगावे वाचण्यापुरता. डीएनए चाचणी ही सेवा इथं मुळात नाही.

मोबाइल ॲप वृक्ष पाहायला ठीक, रिळं वाचायला मोठा पडदाच हवा. आणि कामाचं चित्र सापडलं की त्याच बैठकीत उतरवून घ्या, कारण करार बदलला की आज उघडणाऱ्या चित्रावर उद्या किल्ली बसू शकते. फाइलला साल, गाव, नोंदीचा प्रकार, माणसाचं नाव, रिळाचा गट क्रमांक आणि चित्र क्रमांक याच क्रमाने नाव द्या. शेवटचे दोन आकडे नसतील तर तेच पान पुन्हा सापडायला पुन्हा सगळं रीळ चाळावं लागतं.