दीड-दोन वर्षांच्या मुलासोबत नाताळ: सांताची रांग, रोषणाई, गव्हाण की घरचा ट्री?

डिसेंबर लागला की सगळीकडून बोलावणी सुरू होतात. सांता येणार आहे, या. रोषणाई लागली आहे, या. मुलांचं नाटक आहे, कॅरोल म्हणजे नाताळची गाणी आहेत, नाताळचा बाजार भरलाय. आठ वर्षांचं मूल असेल तर सगळीकडे जावं आणि धमाल करावी. पण नुकतं चालायला लागलेलं ते तीन वर्षांचं, या वयातल्या मुलाचा दिवस झोपेभोवती फिरतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून ११ ते १४ तास झोप हवी. उरलेल्या वेळातून खाणं, अंघोळ, कपडे बदलणं वजा केलं, की मूल ताजंतवानं आहे, पोट भरलेलं आहे आणि बाहेर पडता येतंय असा दिवसातून दीड-दोन तासांचा एकच तुकडा हाती लागतो. म्हणून निवड करावीच लागते.

दोन नाताळ लेकीला घेऊन फिरल्यावर मी आता प्रत्येक बेताला एकच प्रश्न विचारते: यातून मध्येच उठून घरी येता येतं का? रांग लावली, तिकीट काढलं, खुर्चीत अडकलो, की मुलाचा मूड बदलला तरी आपण थांबून राहतो. मग रडारड होते आणि दोष मुलाला जातो. खालची तुलना मी याच प्रश्नावर केली आहे.

सांताची भेट आणि रोषणाईची फेरी

लोक सगळ्यात आधी ठरवतात ती सांताची भेट, आणि या वयाला सगळ्यात जड जाते तीही तीच. आमची लेक एकोणीस महिन्यांची होती. एका दुकानात सांता बसला होता. चाळीस मिनिटं रांगेत उभे राहिलो. तेवढ्यात तिने बिस्किटं संपवली, मोजा काढून फेकला, दोनदा खाली उतरून पळाली. नंबर आला तेव्हा डोळ्यांवर झोप आली होती. मी तिला त्या लाल मांडीवर ठेवलं आणि तिने पाठ कमानीसारखी ताणून जो हंबरडा फोडला, तो अजून कानात आहे. फोटो आला आमच्या हातात. त्यात एका कडेला माझ्या स्वेटरची बाही दिसते आणि तिची मूठ त्या बाहीला घट्ट धरून आहे. तो फोटो मी कुणाला पाठवला नाही. तिने मदत मागितली होती आणि मी ‘हस ना, हस ना’ म्हणत उभी होते.

यात त्या सांताचं काही चुकलं नाही आणि लेकीचंही नाही. अनोळखी माणसाची भीती साधारण आठ-नऊ महिन्यांपासून दिसू लागते आणि बऱ्याच मुलांत दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहीपुढे टिकते. समोरचा माणूस आपला की परका हे मूल त्याच्या चेहऱ्यावरून ओळखतं, आणि सांताची दाढी नेमका अर्धा चेहरा झाकून टाकते. शिवाय ही सगळी पद्धतच बोलत्या मुलांसाठी आहे. अमेरिकेत जेम्स एडगर या दुकानदाराने १८९० मध्ये सांताचा वेश करून आपल्या दुकानात मुलांना भेटायला सुरुवात केली. मुलाने येऊन काय हवं ते सांगायचं, ही त्या भेटीतली मजा. ज्याला अजून दोन शब्दही धड जोडता येत नाहीत, त्याला त्यात काय मिळणार?

तरी घरात हौस असेल तर भेट लांबून घडवा. पुढच्या वर्षी आम्ही आठवड्यातल्या मधल्या दिवशी, दार उघडल्या उघडल्या गेलो. दहा-बारा पावलांवर थांबलो, हात हलवला, परत फिरलो. दुसऱ्या चकरेला त्या भल्या माणसाने खुर्ची सोडली, जमिनीवर मांडी घातली आणि हातातली घंटा पुढे केली. लेकीने घंटा घेतली, वाजवली, परत दिली. दोन मिनिटांची भेट, मांडी नाही, फोटो नाही. ‘घंटावाले बाबा’ मात्र पुढे महिनाभर आमच्या घरी होते.

याच्या शेजारी रोषणाई ठेवून बघा. रांग नसते, बसायची जागा ठरलेली नसते, कुणी ओळखी करून घ्यायला येत नाही. किरकिर सुरू झाली की बाबागाडी वळवायची. आम्ही गेलो त्या संध्याकाळी पाऊस पडून गेला होता. अख्खा रस्ता दिव्यांनी लखलखत होता आणि ही मात्र एका डबक्याशी उकिडवी बसली. पाण्यात एक पिवळा दिवा पडला होता. ती बुटाचं टोक हळूच पाण्याला लावायची, दिवा मोडायचा. पाणी थांबलं की दिवा परत जुळायचा. तिचा हा खेळ दहा मिनिटं चालला. पुढची कमान आम्ही बघितलीच नाही आणि बघायची गरजही पडली नाही.

रोषणाईत सांभाळायच्या दोन-तीन गोष्टी आहेत. गर्दीत बाबागाडीतल्या मुलाला लोकांच्या गुडघ्यांपलीकडे काही दिसत नाही, तेव्हा उचलून घेण्याची तयारी ठेवून जा. मोठ्या स्पीकरपासून लांब उभे राहा. भगभगणारे दिवे आणि धडधडणारं संगीत एकत्र आलं की या वयाची मुलं पटकन बिथरतात. गाडीत बसून बघायची रोषणाई असेल, तर पाठमोऱ्या कारसीटमधल्या मुलाला पुढच्या काचेतलं काहीच दिसत नाही, फक्त बाजूच्या खिडकीतलं दिसतं. त्यासाठी तिकीट काढण्याआधी हे लक्षात घ्या. आणि अंधार उशिरा पडत असेल, तर रोषणाई थेट झोपेच्या वेळेवर येते. त्या दिवशी दुपारची झोप थोडी पुढे सरकवावी लागते.

माझं मत स्पष्ट आहे. अडीच वर्षांच्या आतलं मूल असेल तर रोषणाई. सांता पुढच्या वर्षी.

गव्हाण, कॅरोल आणि नाटक

या तिघांत गव्हाणीचा देखावा, म्हणजे येशू जन्मला त्या गोठ्याची मांडणी, फार कमी लोकांच्या यादीत असतो, याचं मला वाईट वाटतं. संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेचो गावी १२२३ च्या नाताळात बैल आणि गाढव आणून गव्हाण मांडली, ती बेथलेहेमचा गोठा लोकांना डोळ्यांनी बघता यावा म्हणून. पुस्तक न वाचणाऱ्या माणसाला गोष्ट समोर दिसावी, हा तो विचार होता. दोन वर्षांच्या मुलाला नेमकं हेच हवं असतं. बाळ आहे, बाळाची आई आहे, गाय आहे, मेंढ्या आहेत, वर चांदणी आहे. यातलं प्रत्येक नाव त्याच्या तोंडी नुकतंच आलेलं असतं. लेकीने प्रत्येक मेंढीला वेगळं ‘ब्यॅ’ केलं आणि बाळ निजलंय म्हणून मग स्वतःच तोंडावर बोट ठेवलं.

गव्हाण बघायला दिवसा जावं, प्रार्थनेची वेळ टाळून. पाच मिनिटांत झालं तरी चालतं, अर्धा तास लागला तरी चालतो. बऱ्याच चर्चमध्ये हा देखावा ६ जानेवारीच्या आसपास, म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत राहतो. त्यामुळे २५ तारखेची गर्दी ओसरल्यावर निवांत जाता येतं. मूर्ती मुलाच्या हाताशी असतील तर हात पुढे जाणारच. घरी लाकडी किंवा कापडी संच ठेवला तर ती इच्छा घरी येऊन भागते. जिवंत जनावरांची गव्हाण असेल, तर हात लावून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ देऊ नका.

कॅरोल ऐकायला मुलांना आवडतं, पण ते गाणी मोजून ऐकत नाहीत. तिसऱ्या गाण्याला आमची वाट दाराकडे लागली. कुटुंबांसाठी ठेवलेली संध्याकाळची छोटी प्रार्थना असेल तर जरूर जा आणि दाराजवळची कडेची जागा धरा. मध्यरात्रीची प्रार्थना कितीही सुंदर असली तरी त्या दिवशी दोघांपैकी एकाने जावं, दुसऱ्याने मुलापाशी थांबावं.

नाटकाला माझ्या प्रश्नात सगळ्यात कमी गुण. अंधार, बंद दार, रांगेच्या मधली खुर्ची. काही नाट्यगृहं लहान मुलांसाठी खास मोकळे प्रयोग ठेवतात: दिवे पूर्ण मालवत नाहीत, आवाज कमी असतो, मुलं उठली-फिरली तरी कुणी वळून बघत नाही. तसा प्रयोग मिळाला तर अडीच-तीन वर्षांच्या मुलाला न्यायला हरकत नाही. एरवी तीन पूर्ण होऊ द्या.

नाताळच्या बाजाराबद्दल एवढंच: सकाळी, बाबागाडीशिवाय, मुलाला अंगाशी बांधून. बर्फावरचं स्केटिंग या वयाला नको. छोटी आगगाडी असेल तर ती मात्र घ्या. फेरी लवकर संपते, त्यामुळे सुटकेचा प्रश्नच येत नाही.

घरी राहायचं ठरवलं तर

घरातले बेत बाहेरच्यांपेक्षा कमी दर्जाचे समजू नका. माझ्या मते चौदा-पंधरा महिन्यांच्या मुलासाठी घरचा ट्री हाच सगळ्यात मोठा कार्यक्रम आहे. फक्त तो त्याच्यासाठी सजवायचा. खालचा तिसरा भाग मुलाचा: कापड, लोकर, लाकूड, जाड पुठ्ठा. तिथलं सगळं ओढायला, काढायला, परत अडकवायला परवानगी. काचेचे गोळे वर. झाड भिंतीला दोरीने पक्कं बांधा, कारण मूल फांदीला धरून उभं राहणारच.

एक सोपी चाचणी सांगते. टॉयलेट पेपरच्या संपलेल्या गुंडाळीची पुठ्ठ्याची नळी घ्या. तिच्यातून जी वस्तू आरपार जाईल, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको. घुंगरू, छोटी घंटा, प्लॅस्टिकची बोरं, सगळं तिच्यातून आरपार जातं. खेळण्यांच्या अधिकृत तपासणीतलं नळकांडं ३१.७ मिलिमीटर व्यासाचं असतं. आपली नळी त्याहून थोडी रुंद, म्हणजे अधिक सावध. त्याहून मोठी काळजी बटण सेलची, म्हणजे बटणासारख्या चपट्या गोल बॅटरीची. गाणाऱ्या शोभेच्या वस्तूंत आणि लुकलुकणाऱ्या माळांत ते असतात. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी गंभीर जखम होऊ शकते. तेव्हा स्क्रूने बंद होणाऱ्या झाकणाच्याच वस्तू आणा, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठा. हॉली आणि मिसलटो या नाताळच्या सजावटीतल्या झाडांची खरी फळं घरात असतील तर ती उंच ठेवा. ती पोटात जाता कामा नयेत.

आता बिस्किटं की मीठ-मैद्याच्या शोभेच्या वस्तू? दोन्हींत पीठ मळायचं, लाटायचं, साच्याने चांदणी कापायची. बिस्किटांचा फायदा उघड आहे, ती खाता येतात. पण कच्च्या पिठात जंतू असू शकतात, कच्च्या अंड्यातही. आणि बोट चाटू नको हे दोन वर्षांच्या मुलाला दर मिनिटाला सांगण्यात मजा राहत नाही. आम्ही पीठ मी मळते, तिला साचा दाबायला देते, आणि भाजून गार झालेल्या बिस्किटांवर साखर भुरभुरवायचं काम पूर्ण तिचं. सजावटीला अख्खे दाणे, बदाम वापरत नाही. पाच वर्षांपर्यंत ते घशात अडकण्याचा धोका असतो.

मीठ-मैद्याला दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं साधारण एक वाटी पाणी. लाटून त्यावर मुलाचा पंजा दाबा, स्ट्रॉने वर भोक पाडा आणि मंद ओव्हनमध्ये, शंभर अंशांच्या आसपास, दोन-तीन तास वाळवा. हे पीठ खाण्याचं अजिबात नाही. एवढं मीठ लहान मुलाच्या पोटात जाणं धोक्याचं आहे, घरातल्या कुत्र्या-मांजरांनाही. म्हणून सगळंच तोंडात घालणाऱ्या वयात गोळा आपल्या हातात ठेवा, मुलाचा फक्त पंजा घ्या. दोन्हींतलं एक निवडायचं तर मी हे निवडेन. आमच्याकडच्या पहिल्या ठशात करंगळी वाकडी आहे, कारण ती तेव्हा हात मागे ओढत होती.

नाताळपर्यंतचे दिवस मोजायचं २४ खिडक्यांचं कॅलेंडर दोन वर्षांखाली आणू नका. ‘उद्या’ म्हणजे काय हे कळत नाही तोवर रोज एकच खिडकी उघडायची हा त्याच्यासाठी जाच आहे. त्याऐवजी घरातलीच पुस्तकं कागदात गुंडाळून ठेवा आणि रोज झोपताना एक उघडा. पुस्तक ओळखीचं निघालं तरी कागद फाडण्याचा आनंद तेवढाच.

तुमच्या घरी काय बसेल

मूल दीड वर्षाच्या आतलं असेल, तर ट्री आणि एखादी रोषणाईची फेरी. दीड ते अडीच, तर गव्हाण आणि पंजाचा ठसा, सांता लांबून. अडीचच्या पुढे, स्वतः ‘सांता बघायचा’ म्हणू लागलं असेल, तर सांता, बिस्किटं, मोकळा प्रयोग, यातलं एक. मोठं भावंड सोबत असेल तर दोघांना एका रांगेत उभं करू नका. एका पालकाने थोरल्याला न्यावं, दुसऱ्याने धाकट्याला बाहेर फिरवावं. आजी-आजोबा आले असतील तर दिवसाची गव्हाण सगळ्यांना जमते. दुपारची झोप सुटू लागली असेल, तर संध्याकाळचा कुठलाच बेत नको, सगळं सकाळी. आणि एका आठवड्यात बाहेरचा एकच बेत.

आमचं यंदाचं ठरलंय. २५ तारखेला कुठेही जायचं नाही. जानेवारी लागल्यावर एका सकाळी गव्हाण. त्याआधी, पाऊस पडून गेला असेल अशा एखाद्या संध्याकाळी, रोषणाई. ट्रीच्या खालच्या फांदीवर वाकड्या करंगळीच्या ठशाशेजारी एक हुक रिकामा ठेवला आहे. मैदा आणि मीठ आणून ठेवलंय.