घरात रोकड ठेवावी की सोनं?

"सगळंच कोसळलं तर हाताशी काय असावं, नोटा की सोनं?" असं एका मैत्रिणीने काळजीने विचारलं. दोन्हींची कामं वेगळी आहेत.

आधी बँका बंद पडल्या तर काय, ते बघू. 2015 मध्ये ग्रीसमध्ये बँका सुमारे तीन आठवडे बंद होत्या आणि एटीएममधून दिवसाला फक्त 60 युरो मिळत. अशा वेळी घरातल्या लहान नोटाच उपयोगी पडतात. सोन्याचं नाणं देऊन औषधाची एक पट्टी कशी घेणार? सुटे कोण देणार?

चलनच बुडालं तर मात्र उलट. नोव्हेंबर 1923 मध्ये जर्मनीत एक डॉलर 4.2 लाख कोटी मार्कांना झाला. आयुष्यभराची बचत पावाच्या तुकड्याएवढीही उरली नाही. हे वाचताना मला आजही कसंतरी होतं. सोनं अशा वेळी मूल्य टिकवून ठेवतं. पण सरकारी हुकूम तिथेही पोहोचू शकतो: 1933 मध्ये अमेरिकेने नागरिकांना बहुतेक सोनं औंसाला 20.67 डॉलर दराने जमा करायला लावलं आणि पुढच्याच वर्षी अधिकृत भाव 35 डॉलर केला.

चोरीची भीती दोन्हींना. दागिन्यांत घडणावळ बुडते, म्हणून नाणी बरी.

महिन्याच्या पगारावर घर चालत असेल, तर आधी महिनाभराचं धान्य-औषधं आणि तेवढ्याच खर्चाची रोकड. सोनं त्यानंतर, ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं हात न लावता ठेवता येईल अशी शिल्लक असेल त्यांनी घ्यावं.