ओडीके कलेक्ट : घरातील माणसांची यादी करण्यासाठी वापरलेले ॲप

बीड जिल्ह्यातील एका गावात कुटुंबांची पाहणी करताना या वेळी आम्ही कागदी तक्ते बाजूला ठेवून ‘ओडीके कलेक्ट’ हे मोफत अँड्रॉइड ॲप वापरले. घरात कोण कोण राहते हे नोंदवण्याच्या कामी ते कागदापेक्षा निश्चितच सरस आहे, मात्र प्रश्नावली नीट बांधली असेल तरच.

जनगणनेच्या व्याख्येनुसार एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. त्यामुळे एका छपराखाली दोन भावांच्या चुली वेगळ्या असतील, तर कुटुंबे दोन धरावी लागतात. आम्ही आधी ‘घरात माणसे किती?’ असे विचारून तेवढेच रकाने उघडण्याची सोय केली होती, आणि ती आमचीच चूक होती. एका घरी ‘पाच’ असे उत्तर आले, पाच नावे भरून झाली आणि मग आतल्या खोलीतून आजी बाहेर आल्या. त्यानंतर आम्ही आकडा काढून टाकला. आता एका सदस्याची माहिती भरली की आणखी एक जोडायचा का, असे ॲप विचारते. शिवाय पुढच्या प्रत्येक प्रश्नात त्या व्यक्तीचे नाव येत असल्यामुळे एकाचे वय दुसऱ्याच्या ओळीत जात नाही.

वयाच्या प्रश्नाखाली सूचना लिहिता येते; तिथे ‘जुन्या ठळक घटनांवरून वय पडताळा’ असे लिहिल्याचा मोठा उपयोग झाला. या आजींचे वय मुलाने साठ सांगितले होते, १९७२च्या दुष्काळाबद्दल विचारताच त्या म्हणाल्या, “तवा मी खडी फोडाया जात हुते.” हिशेब केला, तर वय पासष्टच्या पुढे गेले.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांसाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे ‘नेहमी इथेच राहतात का?’ आणि ‘काल रात्री इथे होते का?’ हे दोन्ही प्रश्न स्वतंत्र ठेवावेत. नेटवर्क नसतानाही माहिती भरता येते आणि ती नंतर पाठवता येते. आयफोनवर मात्र हे ॲप चालत नाही.

खरी उणीव एकच जाणवली : कागदावर सगळे घर एका नजरेत दिसते, तसे लहान पडद्यावर दिसत नाही. म्हणून शेवटी सर्व नावे एकत्र दाखवणारी एक ओळ आम्ही प्रश्नावलीत घातली आणि ती प्रत्येक घरी मोठ्याने वाचून दाखवू लागलो. पहिल्याच दिवशी एका घरातील बाईंनी ती ऐकून सांगितले, की बाळंतपणासाठी माहेरी गेलेली धाकटी सून यादीत राहिली आहे.