लालबागची मटण थाळी : मधुमेही खवय्याचा अभिप्राय

लालबागच्या मिरची गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर, एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर, सातारा-कोल्हापूरकडचे मटण देणारी एक खाणावळ आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण माझ्या तक्रारी तिच्यासारख्या बहुतेक खाणावळींना लागू पडतात. मला मधुमेह आहे. त्यामुळे हा अभिप्राय चवीचा आहे तसाच साखरेचाही.

चवीला नाव ठेवायला जागा नाही. कांदा-लसूण मसाला गल्लीतल्या डंकावर कुटून आणलेला असतो, पांढऱ्या रश्शात खसखस आणि नारळाचे दूध यांचे प्रमाण नेमके असते आणि ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरताच, पापुद्रा सुटलेल्या अवस्थेत ताटात येते. केईएम आणि टाटा रुग्णालयांत गावाकडून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक इथे जेवतात आणि ‘घरच्यासारखं आहे’ म्हणतात. माझ्या मते ते चवीपुरतेच खरे आहे.

गावाकडे जत्रेला किंवा आखाडात बकरे पडले की वाटे घातले जात. घरातल्या आठ-दहा तोंडांना एक वाटा पुरवायचा असल्याने फोडी मोजक्या आणि रस्सा पातेलेभर, त्यात भाकरी कुस्करून खायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात राबायचे, अशी ती रीत होती. इथल्या थाळीत मात्र एकट्या माणसासाठी सहा-सात फोडी, खिमा, दोन्ही रस्से आणि वर नखभर तवंग असतो, आणि हे ताट घेणारे आम्ही बहुतेक जण दिवसभर खुर्चीत बसणारे.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, २० देशांतील सुमारे १९ लाख ७० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात रोज १०० ग्रॅम लाल मांस (मटण त्यातच येते) खाण्याचा संबंध टाइप २ मधुमेहाच्या सुमारे १० टक्के जास्त धोक्याशी आढळला, तर सॉसेजसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाच्या बाबतीत रोजच्या अवघ्या ५० ग्रॅमला तो १५ टक्के जास्त होता. मटणामुळेच मधुमेह होतो, असे यातून सिद्ध होत नाही, आणि महिन्यातून एकदा खाणाऱ्याला हा आकडा लावणेही चूक. पण आठवड्यातून चार दिवस इथेच जेवणारे गिऱ्हाईक मी पाहतो, त्यांनी तो लक्षात घ्यावा. ‘मुलांसाठी’ म्हणून कार्डावर नव्याने आलेले तळलेले सॉसेज तर या खाणावळीने काढूनच टाकावे. त्या स्वयंपाकघरात ते शोभतही नाही.

माझी खरी तक्रार भाताची आहे. थाळीबरोबर दोन भाकऱ्या मिळतात, तिसरीचे पैसे वेगळे पडतात. भात मात्र हवा तितका फुकट, आणि वाढपी न विचारता वाढतो. हिशेब समजण्यासारखा आहे, कारण भाकरीला तव्यापाशी बाई लागते आणि भाताला फक्त डेग. परंतु मटणात पिष्ट जवळजवळ नसते. जेवणानंतर माझ्या साखर मोजण्याच्या यंत्रावर जो आकडा चढलेला दिसतो तो मुख्यतः या तिसऱ्या-चौथ्या डावाचा असतो, आणि दोष मात्र मटणाच्या माथी जातो.

हे केवळ मुंबईकरांचे दुखणे राहिलेले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण शहरांत १६.४ टक्के आणि ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले. पूर्वमधुमेह, म्हणजे साखर वाढलेली पण अजून मधुमेहाइतकी नाही अशी अवस्था, मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच, सुमारे १५ टक्के होता. म्हणजे शेजारच्या टेबलावर बसलेल्या गावाकडच्या पाहुण्याला ‘तुम्ही कष्टाची माणसं, तुम्हाला काय होतंय’ म्हणत वाढप्याने आणखी एक डाव टाकणे, हे मी स्वतः पाहिलेले दृश्य, कौतुकाचे नाही.

मालकांशी बोललो, तेव्हा त्यांनी ‘दादा, भात कमी केला तर लोक भांडतील’ असे सांगितले आणि ते खोटे नसावे. तरीही भाताऐवजी तिसरी भाकरी घेण्याची मुभा देणे त्यांना सहज जमेल. तोवर मी अर्धी थाळी मागवतो, जी कार्डावर नाही पण मागितली की मिळते. भात नको म्हणून आधीच सांगतो, तवंग बाजूला काढून रस्सा घेतो आणि काकडी-कांदा दोनदा मागतो. रविवारी दुपारी मात्र जाऊ नये. गर्दीत अर्धी थाळी देत नाहीत.